सरड्यांच्या जातिनिश्चितीत रंगाचे स्थान

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यास रंग हे सर्वांत सोयीचे लक्षण वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. डोळ्यांस प्रथम दिसतो तो रंगच; खवल्यांची संख्या मोजण्यास भिंग लागते, कवटीची हाडे पाहण्यास विच्छेदन लागते. परंतु सरड्यांच्या बाबतीत हे लक्षण जितके सुलभ तितकेच फसवे आहे. निराळ्या रंगाचा सरडा म्हणजे निराळी जाती, हे अनुमान कोठवर ग्राह्य धरावे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. एखाद्या जातीचा विस्तार किती, तिची संख्या घटत आहे काय, तिच्या अधिवासाचे रक्षण आवश्यक आहे काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे जातिनिश्चितीवर अवलंबून असतात.

प्रथम सरड्याच्या त्वचेत रंग कसा उत्पन्न होतो ते पाहू. बाह्यत्वचेखाली रंजकपेशींचे थर असतात. वरच्या थरातील पेशींत पिवळी, नारिंगी व तांबडी रंजकद्रव्ये असतात. त्यांपैकी कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्ये प्राण्यास अन्नातूनच मिळवावी लागतात. मधल्या थरातील पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांवरून प्रकाशाचे परावर्तन होते. तळाच्या थरात मेलॅनिनयुक्त पेशी असून त्यांच्या शाखा वरपर्यंत पोचलेल्या असतात. निळा रंग बहुधा कोणत्याही निळ्या द्रव्यामुळे नसून स्फटिकांच्या रचनेमुळे दिसतो. त्यावर पिवळ्या द्रव्याचा पडदा आला म्हणजे तोच हिरवा भासतो. मेलॅनिनचे कण शाखांतून पसरले की त्वचा काळवंडते, आणि ते पेशीच्या मध्याकडे गोळा झाले की ती उजळते. संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली घडणारा हा बदल अनेक जातींत थोड्याच वेळात पूर्ण होतो. तेव्हा एकाच प्राण्याचा रंग उष्णतामान, उत्तेजना, लिंग, वय आणि विणीचा हंगाम यांनुसार पालटतो, हे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे.

संग्रहालयातील नमुन्यांबाबत आणखी एक अडचण संभवते. मद्यार्कात कॅरोटिनॉइड द्रव्ये विरघळतात. त्यामुळे पिवळे व नारिंगी रंग नाहीसे होतात, आणि जिवंतपणी हिरवा असलेला प्राणी बरणीत निळसर दिसू लागतो. केवळ जतन केलेल्या नमुन्यावरून लिहिलेले जुने रंगवर्णन म्हणूनच जपून वाचावे लागते.

रंगभेद पुष्कळ आणि जाती मात्र एक, अशा स्थितीचे उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेतील उटा स्टॅन्सब्युरियाना हा लहान सरडा होय. कॅलिफोर्नियातील त्याच्या काही समूहांत नारिंगी, निळ्या व पिवळ्या गळ्याचे असे तीन प्रकारचे नर एकत्र नांदतात. सिनर्व्हो व लाइव्हली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, मोठे क्षेत्र बळकावणारे नारिंगी नर निळ्यांवर मात करतात. मादीसारखे दिसणारे पिवळे नर नारिंगी नरांच्या क्षेत्रात चोरून शिरतात. आणि आपल्या मादीवर पहारा ठेवणारे निळे नर पिवळ्यांना दाद देत नाहीत. अशा रीतीने तिन्ही प्रकार एकाच समूहात टिकून राहतात. केवळ गळ्याचा रंग पाहणाऱ्या वर्गीकरणकाराने येथे तीन जाती मानल्या असत्या.

याच्या उलट स्थिती आपल्या अंगणातील नेहमीच्या सरड्यात आढळते. १८०२ मध्ये दोदँ याने त्यास दिलेल्या व्हर्सिकलर या नावाचा अर्थच ‘रंग पालटणारा’ असा आहे. पश्चिम आशियाच्या सीमेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली कॅलोटिस व्हर्सिकलर ही एकच जाती आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकांचे क्रम आणि शरीररचना यांचा एकत्र विचार केला असता, या नावाखाली दक्षिण आशियातच अनेक जाती दडल्या असल्याचे दिसून आले. गंगेच्या मैदानातील समूहांसाठी हार्लन याने १८२५ मध्ये दिलेले व्हल्चुओसस हे विस्मृत नाव पुनरुज्जीवित करण्यात आले, तर पाकिस्तानातील समूहांच्या फारूकी या उपजातीस स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. येथे रंगाच्या चंचलतेने भेद दाखविण्याऐवजी झाकूनच टाकले होते.

या दोन टोकांच्या मध्ये येणारे, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकास विशेष जवळचे असे उदाहरण म्हणजे गळ्याखाली पंखा असलेले सरडे. माळरानावर व सड्यांवर राहणारे, मागच्या पायास चारच बोटे असलेले हे लहान सरडे. विणीच्या हंगामात नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालील त्वचेची घडी पंख्याप्रमाणे वारंवार उघडतो व मिटतो. क्यूव्हिए याने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या नमुन्यांवरून सितॅना पाँटिसेरियाना ही जाती वर्णिली. जर्डन याने १८७० मध्ये दख्खनमधील रंगीत पंख्याच्या प्रकारास डेक्कनेन्सिस असे नाव दिले. तथापि पुढे दीर्घकाळ भारतातील बहुतेक सर्व पंखाधारी सरडे पाँटिसेरियाना या एकाच नावाखाली नोंदले जात. काहींचा पंखा लहान व पांढरट, काहींचा मोठा आणि निळा, काळा व नारिंगी अशा तीन रंगांचा. परंतु हा केवळ स्थानिक रंगभेद समजला जाई.

२०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ व त्यांचे सहकारी यांनी द्वीपकल्पातील या सरड्यांची फेरतपासणी केली. जनुकांच्या क्रमांवरून रचलेला वंशवृक्ष, खवल्यांची मोजणी, अवयवांची प्रमाणे आणि पंख्याचा विस्तार यांचा त्यांनी एकत्र विचार केला. निष्कर्ष असा की, मोठ्या रंगीत पंख्याच्या सरड्यांची शाखा इतरांपासून स्पष्टपणे वेगळी आहे. या शाखेस त्यांनी नवी प्रजाती मानून तिला मराठीतील ‘सरडा’ हाच शब्द नाव म्हणून दिला. जर्डनची जुनी जाती या प्रजातीत आली. शिवाय सरडा सुपर्बा व सरडा डार्विनी या दोन नव्या जाती आणि सितॅना प्रजातीतील तीन नव्या जाती वर्णिल्या गेल्या. डार्विनी हे नाव योग्यच आहे. कारण डार्विनने १८७१ मधील आपल्या ग्रंथात लैंगिक निवडीच्या विवेचनात या सरड्यांच्या रंगीत गळ्याचा उल्लेख केला होता.

या निष्कर्षातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. रंगाने प्रजातीच्या पातळीवर खरी साक्ष दिली. परंतु सरडा प्रजातीच्या आतील तिन्ही जातींच्या नरांत तेच तीन रंग आढळतात. त्यांतील भेद ठरविण्यास पंख्याचा आकार, खवले, प्रमाणे व जनुके यांचाच आधार घ्यावा लागला. मादी व पिले यांना तर असा रंगीत पंखा नसतोच.

एकाच जातीत हाच रंग परिस्थितीनुसार किती बदलतो, याचे प्रमाणही महाराष्ट्रातच मिळाले. साताऱ्याजवळील चाळकेवाडीचे पठार हे सरडा सुपर्बा या जातीचे मूळ नोंदस्थान. तेथे पवनचक्क्या मोठ्या संख्येने उभ्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्यांच्या भागाच्या जवळजवळ चौपट होते. भक्षक कमी झाल्याने पवनचक्क्यांखाली सरड्यांची दाटी वाढली. त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक घटले व ते माणसाला अधिक जवळ येऊ देऊ लागले. त्याच वेळी त्यांची शरीरस्थिती खालावली आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके झाले. दाटीमुळे अन्नासाठी स्पर्धा वाढली असावी, आणि रंगाचा काही भाग अन्नावर अवलंबून असल्याने हा परिणाम समजण्याजोगा आहे. पक्ष्यांच्या अभावाची खूण सरड्याच्या गळ्यावर उमटली, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ही पार्श्वभूमी ज्ञात नसती, तर या दोन भागांतील नरांना दोन प्रकारांत विभागण्याचा मोह एखाद्या संग्राहकास सहज झाला असता.

या सर्व विवेचनावरून कार्यपद्धतीविषयी काही सूचना निघतात. जिवंत प्राण्याचा रंग पकडताक्षणीच, त्याचे लिंग, महिना, वेळ व उष्णतामान यांच्यासह नोंदवावा व छायाचित्र घ्यावे. एकाच ठिकाणचे अनेक प्राणी पाहून समूहांतर्गत भेदाची मर्यादा आधी ठरवावी. दोन ठिकाणांमधील भेद त्या मर्यादेपलीकडे जातो काय हे नंतर पाहावे. जुन्या नावांच्या प्रमाण-नमुन्यांशी तुलना केल्यावाचून नवे नाव देऊ नये, कारण नवी वाटणारी जाती शतकापूर्वीच वर्णिलेली असण्याचा संभव असतो. परस्परांवर अवलंबून नसलेली निदान दोन-तीन लक्षणे, म्हणजे शरीररचना, जनुके व वर्तन, एकाच निष्कर्षाकडे नेत असतील तरच भेद जातीचा मानावा. रंगाची साक्ष अवश्य घ्यावी, पण केवळ तिच्यावर निवाडा देऊ नये.

शेवटी या प्रश्नाची व्यावहारिक बाजू. ज्या माळरानांवर व सड्यांवर हे सरडे राहतात, त्यांची गणना शासकीय नोंदींत पुष्कळदा पडीक जमीन म्हणून होते. सर्व पंखाधारी सरडे एकाच सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे आहेत असे मानले, तर एखादे पठार नष्ट झाल्याने कोणतीच हानी झालेली दिसत नाही. त्याच पठारावर मर्यादित विस्ताराची स्वतंत्र जाती आहे असे सिद्ध झाले, की हिशेब पूर्णपणे बदलतो. उलटपक्षी, फिक्या रंगावरून अकारण नवी जाती निर्माण केली, तर खऱ्या दुर्मिळ जातींकडे जाणारे लक्ष व साधने दुसरीकडे वळतात. म्हणून जातिनिश्चितीचे काम घाईने करू नये, आणि ते टाळूही नये. आपल्या जिल्ह्यातील एकाच माळाचे वर्षभर पद्धतशीर निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यास या क्षेत्रात आजही भरीव कार्य करता येईल.