पानांचा आकडा

आपल्याकडील लग्नपत्रिका हा तपशिलाच्या बाबतीत मोठा काटेकोर दस्तऐवज असतो. कुलदेवतेपासून आजोळापर्यंत सर्वांचा नामनिर्देश, १२ वाजून ३७ मिनिटे अशी मिनिटानिशी दिलेली मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असा बालगोपाळांचा आग्रह, एवढे सारे जिच्यात सामावते, त्या पत्रिकेत 'आपण किती जण येणार हे अमुक तारखेपर्यंत कळवावे' ही एक ओळ मात्र सहसा आढळत नाही; आणि तिच्या अभावी मुदपाकखान्यात जो गोंधळ उडतो, त्याचा दोष आपण बेफिकीर पाहुण्यांवर टाकून मोकळे होतो.

जुन्या गावात ही संख्या निमंत्रणातच अंतर्भूत असे. 'घरटी एक' असे बोलावणे आले तर एकानेच जावयाचे, आणि 'चूलबंद' आले तर घरात चूल न पेटवता लहानथोर सर्वांनी पंगतीस बसावयाचे, हा दस्तुर सर्वांस ठाऊक असल्यामुळे आचाऱ्यास उंबरठे मोजून शिधा काढता येई. शिवाय पाने मांडल्यावर घरोघर पुन्हा बोलावणे धाडीत, तेव्हा कोण परगावी गेले, कोणाकडे सुतक आले, याची वर्दी पंगत बसण्यापूर्वीच मिळे.

पुढे गोतावळा मुंबई-पुणे, इंदूर-बडोदे असा पांगला, पत्रिका टपालाने जाऊ लागल्या, आणि न येणाऱ्याचे उत्तर म्हणजे ऐन मुहूर्ताच्या दिवशी थडकणारी शुभेच्छांची तार, असा प्रघात पडला. तारखात्याने ठराविक शुभेच्छांना क्रमांकच देऊन ठेवले असल्याने आशीर्वाद अल्प खर्चात पोहोचे. परंतु तोवर त्या कुटुंबाच्या वाटणीच्या जिलब्या तळून झालेल्या असत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, वृत्ती मात्र टिकली. आता व्हॉट्सॲपवरील पत्रिकेखाली दोन जोडलेले हात उमटतात, ज्यांचा अर्थ 'येतो', 'क्षमस्व' किंवा नुसते 'पत्रिका पोहोचली' यांपैकी काहीही होऊ शकतो.

केटरर बिचारा हात मोजत नाही, पाने मोजतो. लग्नाच्या काही दिवस आधी तो पक्का आकडा मागतो, त्यावरून भाजी, दूध, वाढपी यांची तजवीज करतो, आणि तेवढी पाने उठली नाहीत तरी बिल सहसा त्याच आकड्याचे लावतो. आकडा चढा निघाला तर शिजलेले अन्न उरते. उतरता निघाला तर शेवटच्या पंगतीत, जिच्यात बहुधा घरचीच माणसे बसलेली असतात, श्रीखंडावाचून पुऱ्या येतात.

उत्तर लांबते ते आळसापेक्षा संकोचाने, असे माझे मत आहे. शुभकार्यास 'नाही' म्हणणे पाहुण्याला अभद्र वाटते, म्हणून तो 'बघू, जमवतो' असे म्हणतो. आणि 'किती जण येणार' हे विचारणे यजमानाला कद्रूपणाचे वाटते. हा संकोच असाध्य नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे राज्य शासनाने लग्नास २५ माणसांची मर्यादा घातली, तेव्हा माणूस न् माणूस विचारून घ्यावा लागला, आणि त्यामुळे नाती तुटल्याचे मी तरी ऐकले नाही.

तेव्हा पत्रिकेतच तारीख छापावी, ती केटररच्या मुदतीपूर्वी चार दिवसांची असावी, आणि ते चार दिवस घरातील एखाद्या बोलक्या आत्याबाईंच्या हवाली करावेत; कारण 'येणार का?' या प्रश्नाला 'बघू' हे उत्तर मिळते, पण त्यांनी 'किती पाने धरू?' असे विचारले म्हणजे आकडाच सांगावा लागतो. होकार दिल्यावर ऐनवेळी घरात कोणास ताप भरलाच, तर त्या सकाळीही पाहुण्याने फोन करावा. बिल त्याने बदलत नाही; परंतु उरणारे अन्न गरजूंपर्यंत नेणाऱ्या संस्थांना, ज्यांच्या कामासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र विनियमही केले आहेत, दुपारऐवजी सकाळीच वर्दी देता येते, आणि मठ्ठा आंबण्यापूर्वी त्यांची गाडी कार्यालयाच्या मागल्या दाराशी लागू शकते.