संकटात सोबत करणारा देव

गजेंद्राच्या आर्त हाकेसरशी धावून आलेला श्रीहरी आणि प्रल्हादासाठी खांबातून प्रकटलेला नरसिंह आपल्या घराघरांत परिचित आहेत. देव भक्ताला संकटातून सोडवितो, ही श्रद्धा कीर्तन-पुराणांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नाताळच्या सणाला ख्रिस्ती भाविक ज्या येशूचा जन्मोत्सव करतात, त्याच्याकडे तेही तारणहार म्हणूनच पाहतात. या श्रद्धेचे मूळ त्यांना प्राचीन हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीत आढळते.

संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य वर्तविणारा नव्हे. ईश्वराचा निरोप राजाला आणि प्रजेला निर्भयपणे सांगणारा तो पुरुष. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात यरुशलेम नगरीत होऊन गेलेला यशया हा त्यांतील अग्रणी. ‘परमेश्वर तारतो’ असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे.

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सम्राट सन्हेरीब यहूदा देशावर चालून आला. लाखीशचा बळकट किल्ला पडला. हिज्कीया राजाने मंदिराच्या दारांवरील सोनेसुद्धा काढून खंडणी भरली, तरी अरिष्ट टळेना. सम्राटाच्या सेनानीने तटाखाली उभे राहून लोकांच्याच भाषेत विचारले, की कोणत्या राष्ट्राच्या देवाने आजवर आपले राष्ट्र आमच्या हातून सोडविले आहे? धमकीचे पत्र आले तेव्हा हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले आणि प्रार्थना केली. यशयाचा निरोप आला: शत्रू या नगरीत पाऊल टाकणार नाही. त्या रात्री ईश्वराच्या दूताने अश्शूरच्या छावणीतील १,८५,००० लोकांचा संहार केला आणि सन्हेरीब निनवेला परतला, असे धर्मग्रंथ सांगतो. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखात ४६ तटबंद नगरे जिंकल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडल्याचा अभिमान आहे. यरुशलेम जिंकल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही.

हिज्कीयाने केवळ हात जोडले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. कातळातून पाचशे मीटरांहून अधिक लांबीचे भुयार खोदवून त्याने झऱ्याचे पाणी तटाच्या आत आणले. त्या भुयारातून आजही चालत जाता येते.

परंतु कथा येथे संपत नाही. ज्या नगरीत देवाचे मंदिर आहे ती कधीच पडणार नाही, असा समज पुढे बळावला. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या द्वारातच उभे राहून या समजावर प्रहार केला. परका, अनाथ आणि विधवा यांना तुम्ही गांजता, निरपराध्यांचे रक्त सांडता. मग हे मंदिर तुम्हांला कसे वाचवील, असा त्याचा सवाल होता. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवासात नेले. मग ईश्वरी संरक्षणाचे अभिवचन फोल ठरले काय?

याचे उत्तर यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरभागात आहे. हा भाग बंदिवासाच्या काळातील असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. वाटेत नदी लागणारच नाही, आग भेटणारच नाही, असे आश्वासन तेथे नाही. पाण्यातून जाताना आणि आगीतून चालताना मी तुझ्याबरोबर असेन, असे आहे. इ. स. पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले आणि बंदिवानांना स्वदेशाची वाट मोकळी झाली. इस्राएलाच्या देवाला न ओळखणाऱ्या या परक्या राजालाही ग्रंथात ईश्वराचा ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. तारणारा हात कधी अनोळखीही असतो.

येशू हे नावही ‘तारण’ याच हिब्रू धातूपासून आलेले आहे. यशयाच्या वाणीतील ‘इम्मानुएल’, म्हणजे ‘देव आम्हांबरोबर’, हे नाव मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माशी जोडले. यहुदी परंपरा हा अन्वय मान्य करीत नाही. ती वाणी आहाज राजाच्या काळासंबंधी आहे, असे ती मानते. ख्रिस्ती भाविकाला मात्र येथे अभिवचनाची पूर्तता दिसते: सुटका दुरून न पाठविता देव स्वतःच दुःखितांत येऊन राहिला. त्याच येशूला क्रूसावरून उतरविण्यास कोणी आले नाही. सुटका झाली ती मरणापलीकडे, तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानात, असा त्यांचा विश्वास आहे.

संस्कृत पुराणांच्या संस्कारांत वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या या कार्यात मग्न होत्या. त्यापूर्वी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावच्या त्या आश्रमाला ‘मुक्ती’ हे नाव ठेवले. यिर्मयाने मंदिराच्या द्वारात अनाथ आणि विधवा यांच्याविषयी जे विचारले होते, त्याचे उत्तर अशा कृतीतूनच द्यावे लागते. देवाने आपल्याला तारावे असे ज्याला वाटते, त्याने आपल्या दारी आलेल्या निराश्रितालाही तारावे.