ताटाशी भांडण (भाग ५) : उपाशी मेंदूचे खेळ

मागच्या भागानंतर एका आईने विचारलं, "मुलगी दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते, रविवारी केक करते, आम्हाला आग्रहाने खायला घालते. मग तिला अन्नाचा तिटकारा आहे असं कसं म्हणायचं?"

म्हणूच नका. ॲनोरेक्सियात, म्हणजे खाणं नाकारण्याच्या या आजारात, भूक बहुधा मेलेली नसते, दाबून धरलेली असते. केक झाल्यावर ती सुरीला लागलेलं क्रीम तरी चाटते का, ते बघा.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे त्यांना शोधायचं होतं. लढायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण खरी गंमत, गंमत कसली, वागण्याच्या नोंदींत आहे. जेवणाशिवाय बोलायला विषय उरेना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी एकेक घास चिवडत जेवण लांबवू लागला. ताटं चाटून पुसली जात. उकाड्यातही थंडी वाजे. चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं!

म्हणजे ज्याला आपण 'हट्ट' किंवा 'नाटकं' म्हणतो, त्यातलं बरंचसं उपासमारच घडवते. आजाराची सुरुवात वेगळ्या कारणांनी होत असेल. पण एकदा वजन घसरलं की उपाशी मेंदू त्याच त्या चक्रात फिरत राहतो. म्हणून 'आधी तिचं मन तयार होऊ दे, मग खाईल' हे उलटं गणित आहे. अन्न हेच पहिलं औषध.

ते द्यायचं कुणी? आईवडिलांनी. या आजाराला १८७० च्या दशकात नाव देणारे डॉक्टर विल्यम गल यांना नातेवाईक म्हणजे सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे वाटत. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात पुढे नेमकी उलटी पद्धत घडली : काही काळ ताटाची सूत्रं घरच्यांच्या हाती, मग हळूहळू पुन्हा मुलीकडे. मुलाकडेसुद्धा, कारण हा आजार मुलांनाही होतो. किशोरवयीनांच्या ॲनोरेक्सियात आज ही पद्धत आधी सुचवली जाते. दोष कुणाचा, ही चर्चा तिथे बाजूला ठेवतात. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे या आजाराला एक आडोसा मात्र खास आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. चतकोर पोळीवर उठणाऱ्या नातीचे उपास वाढत जातात आणि आजी कौतुक करते. साबुदाण्याची वाटीही तशीच परत येते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

एक मात्र सांभाळा. वजन खूप उतरलं असेल तर एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातले क्षार बिघडून हृदयावर बेतू शकतं. पाळी थांबली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावर बारीक लव दिसू लागली, तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठा आणि त्यांच्या सल्ल्यानेच आहार वाढवा. वजन बेताचं असलं तरी यातलं काही दिसलं तर थांबू नका. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते, मोफत.

पुढच्या आठवड्यात बुलिमिया : भरपेट जेवून लगेच बाथरूमचं दार लावून घेणाऱ्या मुलांविषयी.