पडद्यावरचे घर आणि आपले घर

चित्रपट पाहावा की पाहू नये, यावर आपल्या घरांत एकमत नाही. काही घरांत टीव्ही नाही, तर काही घरांत तो फजरपासून इशापर्यंत चालूच असतो. हा वाद सोडवायला आम्ही बसलेलो नाही. मोबाईलवाटे चित्रपट बहुतेक घरांत शिरला आहे. तेव्हा तो आपल्या मुलांच्या मनात काय ठेवून जातो, एवढेच पाहू.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या चकलांब्यात किंवा आसपासच्या गावांत आमच्या पिढीने चित्रपट चारचौघांत पाहिला. कधी जत्रा-उरुसातल्या तंबूत, कधी ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या ओसरीवर, रविवारी दूरदर्शनसमोर. खाला, चाची, शेजारच्या काकू सगळ्या एका सतरंजीवर. त्या गप्प बसून पाहत नसत. "बापाने असं वागायला नको होतं", "सुनेचं काय चुकलं?" अशी चर्चा पडद्याबरोबरच चाले. आम्हा मुलांना बरे-वाईट त्या चर्चेतून कळे. आज मुलगा पांघरुणात डोके घालून एकटाच पाहतो. चित्रपट तोच असेल, पण शेजारची खाला नाही. तरबियतीचा तो भाग गळून गेला.

आता पडद्यावर आपले घर कसे दिसते तेही बघा. 1960 चा 'चौदहवीं का चाँद' लखनौचा, 1963 चा 'मेरे महबूब' अलीगढ-लखनौच्या वातावरणातला, 1972 चा 'पाकीजा' कोठ्यावरचा. शेरवानी, झुंबर, शायरी, पडद्याआडची नजर. आमच्या वडीलधाऱ्यांनी हे चित्रपट आवडीने पाहिले, कारण त्यातली उर्दू कानाला गोड लागे. पण त्या हवेलीत कापसाचा भाव कुणी काढत नसे, पाण्याच्या टँकरची वाट पाहत नसे. पुढे नवाब गेले आणि त्यांच्या जागी बऱ्याचदा हातात बंदूक घेतलेला गुंड किंवा दहशतवादी आला. नवाब आणि गुंड यांच्यामध्ये जी माणसे राहतात, ती कुठे गेली? शिंपी, गॅरेजवाला, फळांची गाडी लावणारा, दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जाणारा मजूर. आपली बहुतेक घरे तर याच माणसांची आहेत.

अपवाद आहेत आणि ते मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखे आहेत. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' 1973 चा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. बलराज साहनींनी उभा केलेला आग्र्याचा सलीम मिर्झा बूट तयार करण्याचा कारखाना चालवतो. फाळणीनंतर त्याला कर्ज मिळत नाही, हवेली सुटते, भाड्याचे घर शोधताना दारे बंद होतात. त्यात तलवारबाजी नाही, मोठमोठी भाषणे नाहीत. उधारी, भाडे, मुलीचे लग्न आणि मुलाची नोकरी आहे. शहरात खोली शोधायला गेलेल्या आपल्या मुलांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा मराठीतला, मंगेश हाडवळे यांचा 2008 चा 'टिंग्या'. शेतकऱ्याचा छोटा मुलगा टिंग्या आणि त्याचा बैल चितंग्या. बैल जखमी होतो आणि अडचणीत सापडलेला बाप त्याला विकायला निघतो. शेजारी रशिदा नावाची त्याची मैत्रीण राहते, तिची नानी आजारी आहे. आजारी माणसाला आपण जपतो, मग आजारी बैलाला का नाही, असा त्या पोराचा साधा प्रश्न आहे. आम्हाला त्यातले ते शेजारघर फार मोलाचे वाटते. तिथे कुणी एकोप्यावर भाषण ठोकत नाही. दोन्ही घरांच्या अडचणी सारख्याच आहेत आणि पोरे एकमेकांच्या अंगणात खेळतात. आपल्या गावात रोज दिसणारे हे दृश्य पडद्यावर मात्र क्वचितच दिसते.

आम्ही वर्गात 'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध दिला, तेव्हा बहुतेक वह्यांत हाणामारी आली. पुढच्या आठवड्यात विषय बदलला: 'आमच्या घरावर चित्रपट काढला तर पहिला प्रसंग कोणता?' एका मुलीने लिहिले, ईदच्या आदल्या रात्री अम्मी गावाचे कपडे शिवते, आमचे सगळ्यात शेवटी. एका मुलाने लिहिले, आईबाप ऊसतोडीहून परत येतात तेव्हा लहान बहीण त्यांना ओळखत नाही, आजीच्या मागे लपते. वर्गात कुणी हसले नाही. ज्यांना वाटत होते की आपल्या घरात सांगण्यासारखे काही नाही, त्यांनीच सांगण्यासारखे लिहिले.

वालिदैनना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांच्या हातातून मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा महिन्यातून एखादा चांगला चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहा. नंतर दस्तरखानवर विचारा: यात कष्ट कोण करत होते? कुणाची टिंगल झाली, ती योग्य होती का? आपल्यासारखे घर यात कसे दाखवले आणि ते खरे आहे का? उत्तर चुकले तरी चालेल, पण प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. जे मूल आपल्या घराकडे नीट पाहायला शिकते, त्याला पडद्यावरचे खोटे कुणी समजावून सांगावे लागत नाही.