कोलांटउडीच्या अलीकडे

ट्रॅम्पोलिनच्या पहिल्या तासाला मुलांना उडायचं असतं, आणि चांगला शिक्षक त्यांना थांबायला शिकवतो. जाळीवर पाय टेकताच गुडघे आणि कंबर वाकवून सगळी उसळी जिरवायची आणि ‘थांब’ म्हटलं की मधल्या खुणेवर उभं राहायचं. मुलांचा हिरमोड होतो, पण इलाज नाही. ही शिस्त किती मोठी किंमत मोजून आली, ते अमेरिकेत दिसतं.

आयोवातल्या जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिस्वोल्ड यांनी 1930च्या दशकाच्या मध्यात आधुनिक ट्रॅम्पोलिन तयार केलं. सर्कशीतले झुल्यावरचे कसरतपटू शेवटी खालच्या जाळीत पडतात आणि त्या उसळीवर आणखी एखादी करामत करतात, हे निसेनने पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ट्रॅम्पोलिन वापरलं गेलं, पुढे ते शाळा-कॉलेजांत पोचलं. निसेन विक्रीतही वस्ताद. जाहिरातीसाठी त्याने चक्क कांगारूबरोबर उड्या मारल्या.

मग 1977 साली अमेरिकन अकादमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ट्रॅम्पोलिन शाळांतून आणि स्पर्धांतूनही हद्दपार करा, असं जाहीर केलं. मानेला मार बसून मुलांचे हातपाय कायमचे लुळे पडत होते. 1981 मध्ये भूमिका थोडी सैलावली. 1999 मध्ये मात्र घरी नको आणि नेहमीच्या पीटीच्या तासालाही नको, असं पुन्हा बजावलं गेलं. संस्थेच्या 2012च्या निवेदनात दोन गोष्टी ठळक आहेत: सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि मानेच्या गंभीर दुखापतींमागे बऱ्याचदा फसलेली कोलांटउडी असते. मला यात बंदीपेक्षा अभ्यासक्रमच जास्त दिसतो. जाळीवर एका वेळी एकच मूल, आणि कोलांटउडी वर्गाबाहेर.

ब्रिटनमध्ये ट्रॅम्पोलिन शाळांत टिकलं. तिथे सुरुवातीला शिकवतात ते बहुतांशी कोलांटउडीच्या अलीकडचंच, आणि तेही काही थोडं नाही. आधी बसून उतरणं: पाय सरळ समोर, तळवे कमरेच्या बाजूला, बोटं पावलांकडे. बोटं मागे वळली की कोपर ताठ होतं आणि मनगटावर भार येतो. पोटावर उतरताना मूल हमखास पुढे सूर मारतं. म्हणून आधी हात-गुडघ्यांवर उतरवून घेतात. पाठीवर उतरताना हनुवटी छातीकडे, नजर पायांवर.

गिरकी यातूनच उगवते. सरळ उडीतली अर्धी गिरकी सोपी वाटते, पण मुलं पाय जाळीवर असतानाच खांदे फिरवतात आणि कडेला जाऊन पडतात. स्पर्धेची जाळी 4.28 मीटर लांब, पण रुंदी फक्त 2.14 मीटर, कड लगेच येते. जाळी सुटताना अंगात जेवढं फिरणं भरलं, तेवढंच हवेत मिळतं. हात अंगाशी घेतले की त्याचा वेग वाढतो, इतकंच. मांजराची गोष्ट वेगळी. एतियेन-ज्यूल मारे याने 1894 साली टिपलेल्या छायाचित्रांत उताणं सोडलेलं मांजर कसलाही धक्का न घेता हवेत वळून पायांवर उतरतं. अंगाचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वळवण्याची ती किमया पहिलीच्या पोराकडून कोण मागेल?

खरी परीक्षा ‘स्विव्हल हिप्स’ची: बसून उतरायचं, अर्धी गिरकी घ्यायची, उलट दिशेला तोंड करून पुन्हा बसून उतरायचं. बहुतेक मुलं पाय दुमडून बाजूने भोवती फिरवतात. अशी गिरकी पूर्ण होते, पण अंग कलतं. पाय शरीराखालून जायला हवेत. त्यासाठी बसल्या उसळीतून हात डोक्यावर नेत अंग क्षणभर काठीसारखं सरळ करायचं, मग वळायचं. म्हणून शिक्षक या कसरतीचे तुकडे पाडतात: बसून उतरून पायांवर उभं राहणं, तेच अर्ध्या गिरकीसह, आणि शेवटी दुसरी बैठक. मधला तुकडा गाळला की दोष अंगवळणी पडतो.

पाया पुन्हा घालायची वेळ मोठ्यांवरही येते. पॅरिसमध्ये 2024 साली सुवर्णपदक जिंकलेली ब्रिटनची ब्रायनी पेज किशोरवयात, आधी जमत असलेल्या कसरतीच करू शकेनाशी झाली होती. तिला साध्या उड्यांपासून पुन्हा वर यावं लागलं.

शाळेची अडचण मात्र साधी आहे. जाळी एक, मुलं तीस, उडणारं एकच. उरलेल्यांपैकी काही मुलं कडेला लक्ष ठेवून उभी, बाकीची जमिनीवर हात डोक्यावर नेत त्याच अर्ध्या गिरकीचा सराव करत असतात. तासाच्या वेळापत्रकात हे बसवायचं तर शिक्षकाला आधी मुख्याध्यापकांना पटवावं लागतं, की जमिनीवरची ती पोरंसुद्धा ट्रॅम्पोलिनच शिकत आहेत.