पदपथाची मोजणी

एखादा रस्ता पायी चालणाऱ्याच्या सोयीचा आहे की नाही, हा प्रश्न तक्रारीच्या सुरातून बाहेर काढून फूट-इंचांत मांडण्याच्या कामाला पादचारी तपासणी म्हणतात. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला फारसे आंदोलनासारखे दिसत नाही, कारण त्यात फलक नसतात आणि घोषणाही नसतात. चार-पाच रहिवासी, वास्तुशास्त्राचे एक-दोन विद्यार्थी, जमल्यास एखादा निवृत्त अभियंता आणि काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारी एखादी व्यक्ती मोजपट्टी, छापील तक्ता व मोबाइलचा कॅमेरा घेऊन रस्त्याचा ठरलेला तुकडा चालत जातात आणि दर काही पावलांवर थांबून नोंद करतात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, सुरक्षित रस्त्यांसाठी धडपडणाऱ्या नागरिकांचा खरा आधार ही नोंदच ठरू शकते, कारण या शहरात रस्त्यांवर बोलणारे भरपूर आणि रस्ता मोजणारे थोडे आहेत.

मोजायची पहिली गोष्ट म्हणजे मुक्त रुंदी, अर्थात पदपथाच्या एकूण रुंदीतून विजेचा खांब, डीपीची पेटी, झाडाचा पार, दुकानाची पायरी आणि उभी दुचाकी वजा केल्यावर चालायला उरणारी जागा. रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार ही मुक्त रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर असावी लागते, तर कडेच्या दगडाची, म्हणजे कर्बची, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. शेवटची अट किरकोळ वाटते, परंतु संधिवाताच्या रुग्णासाठी तीच सर्वांत मोठी असते. डांबराचे थर चढून रस्ता वर येतो आणि पाणी आत शिरू नये म्हणून पदपथही उंचावत जातो, तेव्हा गुडघे धरून चढावा लागणारा कट्टा तयार होतो, आणि त्या कट्ट्यावर कोणी चढत नाही म्हणून तो रिकामा राहतो. पुढे तो रिकामा दिसतो म्हणून त्यावर टपरी येते.

पैठण गेट ते गुलमंडी हा टिळकपथाचा भाग अशा तपासणीसाठी बोलका आहे. दोन्ही अंगांना कापडाची, चपलांची, भांड्यांची दुकाने, समोर दुचाकींची रांग, तिच्यापुढे हातगाडी आणि हातगाडीपुढे ग्राहक, असे थर एकावर एक बसल्यामुळे चालणारा आपोआप रिक्षांच्या मार्गात ढकलला जातो. छापील तक्त्यांत सहसा न आढळणारी एक नोंद येथे फार उपयोगी पडते, ती म्हणजे शंभर मीटर अंतर कापताना माणसाला किती वेळा पदपथ सोडून डांबरावर उतरावे लागते याची. दिवाळीच्या तोंडावर हा आकडा घेण्यात अर्थ नसतो, कारण तेव्हा सारा रस्ताच पायी चालणाऱ्यांचा झालेला असतो. एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तो घ्यावा लागतो. त्याच वेळी एका ठिकाणी उभे राहून अर्धा तास पायी जाणारे आणि वाहनातून जाणारे वेगवेगळे मोजले की बाजारपेठेतल्या रस्त्यावरची वाहतूक म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर कागदावर उतरते. वाहनांची गणना शासकीय यंत्रणा करतात आणि तिच्यावर उड्डाणपूल उभे राहतात; माणसांची गणना क्वचितच होते.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली तेव्हापासून पुढची कित्येक शतके हे शहर पायी, घोड्यावर आणि बैलगाडीत फिरण्याच्या मापाचे होते, आणि जुन्या शहराच्या दरवाजांच्या आतल्या गल्ल्यांना ते माप अजून आहे. सिडकोने आखलेल्या नव्या वसाहतींत रस्ते रुंद मिळाले, बागाही मिळाल्या, पण जुने शहर व सिडको यांना जोडणारा जालना रोड वाहनांच्या हिशेबानेच वाढत गेला. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको येथील उड्डाणपुलांनी वाहनांचा प्रश्न काही अंशी सुटला. पुलाखाली रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीचा प्रश्न त्या आराखड्यात विचारलाच गेला नव्हता, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

या शहराचा रस्त्यांवरचा हुकमी उपाय रुंदीकरण हा राहिला आहे. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीपासून महापालिकेने अतिक्रमण हटावची मोठी मोहीम सुरू केली आणि ती शहराच्या अन्य प्रमुख मार्गांवरही गेली. विकास आराखड्यात, म्हणजे शहराच्या भावी जमीनवापराच्या कायदेशीर नकाशात, रस्त्याला दिलेली रुंदी प्रत्यक्षात आणणे हा तिचा घोषित हेतू. अशा मोहिमेत कोणाचे घर गेले, कोणाची रोजी गेली, याची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. मात्र मोकळ्या झालेल्या पट्ट्याचे पुढे काय, ही चर्चा मागे पडते. मुरूम पसरलेला तो पट्टा काही आठवडे कोणाचाच नसतो, आणि जो आधी येऊन उभा राहतो त्याचा तो होतो, मग ती चारचाकी असो, बांधकामाची खडी असो वा नवी टपरी. पदपथासाठी झटणाऱ्यांनी धावपळ करायची ती नेमकी याच आठवड्यांत. येथे जागेची टंचाई असल्याचे नेहमी सांगितले जाते. टंचाई आहे ती जागेच्या वाटणीबाबतच्या निर्णयाची.

हा निर्णय कोणी घ्यायचा, येथून कागदाचे काम सुरू होते आणि ते मोजणीपेक्षा कितीतरी चिवट असते. काही रस्ते महापालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. उड्डाणपूल बांधले राज्य रस्ते विकास महामंडळाने. खांब महावितरणचे, वाहने उचलण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. आणि नव्या पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांसाठी खोदकाम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. ‘पदपथ चांगले करावेत’ अशा एका ओळीचे निवेदन या सर्वांच्या दारातून फिरून आवक-जावक नोंदवहीतच विसावते. याउलट अमुक खांबापासून तमुक वळणापर्यंत मुक्त रुंदी इतकी, अडथळा अमक्या विभागाचा, सोबत छायाचित्र, असे तुकडे पाडून लिहिलेल्या निवेदनाला अभियंत्याला काही ना काही उत्तर द्यावेच लागते. माहितीच्या अधिकारात त्या रस्त्याच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक मागवले तर पदपथाची बाब त्यात होती की नव्हती हेही कळते. महानगरपालिका अधिनियमाचे कलम २३१ रस्त्यावरच्या बेकायदा वस्तू पूर्वसूचनेशिवाय हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते, त्यामुळे ‘अधिकार नाहीत’ ही सबब टिकत नाही.

खरा पेच फेरीवाल्यांचा आहे, आणि तेथे मध्यमवर्गीय पदपथप्रेम उघडे पडते. हातगाडी खुपते, पण स्वतःची दुकानासमोर लावलेली स्कूटर खुपत नाही. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने नगर पथविक्रेता समिती, विक्रेत्यांचे सर्वेक्षण आणि विक्रीची निश्चित क्षेत्रे बंधनकारक केली. तपासणीच्या तक्त्यात गाडीची जागा ‘अडथळा’ म्हणून न लिहिता ‘विक्रीसाठी लागणारी रुंदी’ म्हणून वेगळी लिहिली, तर चालणारा आणि विकणारा एकमेकांसमोर उभे ठाकत नाहीत. व्यापाऱ्यांची भीती वेगळी असते: वाहन दारात आले नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला, तेव्हा तो बदल एका दिवसापुरता ठेवण्यात ही भीती आधी आजमावून पाहण्याचे शहाणपण होते.

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ या स्पर्धेचा गाभाही असाच होता. कायमचे बांधकाम करण्यापूर्वी रंग, शंकू आणि तात्पुरते अडसर वापरून नवी मांडणी आजमावायची, लोकांची प्रतिक्रिया पाहायची आणि मग खर्च करायचा. त्या स्पर्धेतील विजेत्या शहरांत औरंगाबादचा समावेश होता. अशा प्रयोगाची मर्यादा एवढीच की रंग पावसाळ्यात उडतो आणि शंकू नाहीसे होतात. प्रयोगाआधी घेतलेली मोजणी हाताशी नसेल तर प्रयोग यशस्वी झाला की फसला, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले, त्यामुळे निवेदनाची भाषा आता विनंतीची राहण्याचे कारण उरले नाही. तरीही न्यायालयाचा आदेश आणि टिळकपथावरची पायरी यांच्या मध्ये काही अगदी साधे प्रश्न शिल्लक राहतात. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी खुंट रोवले जातात. त्यांच्यातली फट चाकाच्या खुर्चीसाठी किमान ९० सेंटिमीटर ठेवावी लागते, आणि बहुतेक दुचाकींचे हँडल त्याहून अरुंद असल्याने तेवढ्या फटीतून दुचाकीही सहज आत जाते. फट कमी केली तर दुचाकी थांबते, पण खुर्चीही थांबते. या कोड्याला बांधकामाचे उत्तर नाही, म्हणून पदपथ तयार झाल्यावरही तपासणी संपत नाही. तीच मंडळी तोच तक्ता घेऊन, गर्दीच्या त्याच वेळी, आत कोण उभे आहे हे पाहायला पुन्हा जातात आणि दुसरे निवेदन या वेळी वाहतूक शाखेच्या नावाने लिहितात.