काचेच्या पेटीतील सागर

पासली हे पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागातील, सह्याद्रीच्या रांगांत वसलेले एक गाव आहे. पश्चिमेस घाटाचे कडे उतरले की कोकण लागते आणि कोकणापलीकडे अरबी समुद्र. परंतु पासलीच्या परिसरात पडणारे पावसाचे पाणी या जवळच्या समुद्राकडे जात नाही. ते पूर्वेस वळते, भीमेला मिळते, भीमेतून कृष्णेत जाते आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचते. अशा डोंगरी गावातील एखाद्या मुलाच्या मनात समुद्रातील मासा घरी पाळण्याची इच्छा उत्पन्न झाली, तर ती पुरी होईल काय? होईल. त्यासाठी थोडा खर्च करावा लागेल. परंतु पैशाहूनही एक गोष्ट अधिक लागेल.

महाराष्ट्रातील पुष्कळ मुलांनी समुद्रातील मासे प्रथम पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पुढे अनेक दशके तेथे प्रेक्षकांची रीघ लागत असे. त्या मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. ज्यांच्या दारी समुद्र नाही, त्यांनी काय करावे?

हाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये उभा राहिला होता. 1853 साली तेथील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. खारे पाणी दूरच्या किनाऱ्यावरून आणणे कष्टाचे व खर्चाचे होते. तेव्हा फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने चार क्षार तोलून ते गोड्या पाण्यात मिसळले आणि 1854 साली आपली कृती प्रसिद्ध केली. त्या पाण्यात सागरी वनस्पती व प्राणी जगले. समुद्र घरी आणता आला नाही, तरी समुद्राचे पाणी घरी तयार करता येते, हे त्याने दाखवून दिले.

मात्र स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात टाकले की समुद्र होतो, असे नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी बहुतेक भाग साध्या मिठाचा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षारही त्यात असतात आणि सागरी प्राण्यांना त्यांची गरज असते. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रणच विकत घ्यावे लागते. येथे काटकसर उपयोगाची नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र पासलीसारखे गाव भाग्यवान आहे. पहिल्या काही सरींनी हवेतील धूळ धुऊन नेली की, उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपात पावसाचे उत्तम पाणी फुकट साठवता येते. तांब्याचे भांडे कदापि वापरू नये. कारण पाण्यात उतरलेले तांबे शिंपले, कोळंबी यांसारख्या जिवांना विषासमान असते.

मिश्रण बरोबर झाले की नाही, हे हायड्रोमीटरने कळते. दूधसंकलन केंद्रावर दुधाची पारख करण्यासाठी जे तरंगणारे उपकरण असते, त्याच जातीचे हे उपकरण होय. गोड्या पाण्याची घनता 1 मानली, तर या पाण्याची सुमारे 1.025 भरली पाहिजे.

पेटी अगदी लहान घेतली म्हणजे खर्च वाचतो, हा समज चुकीचा आहे. तांब्याभर पाणी उन्हात लगेच तापते, विहिरीचे तापत नाही. तसेच थोडे पाणी लवकर बिघडते, अधिक पाणी उशिरा. 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद व 40 उंच पेटीत सुमारे 96 लिटर पाणी मावते. नवशिक्यास एवढी पेटी पुरेशी आहे. पाण्याचेच वजन शंभर किलोच्या जवळ जात असल्याने खालचा ओटा किंवा टेबल भक्कम हवे. पाणी खेळते ठेवणारा व हवा पुरवणारा पंप, सच्छिद्र दगड, थोडी वाळू आणि थंडीसाठी पाणी ऊबदार ठेवणारे साधन एवढे साहित्य आवश्यक होय. रंगीत किल्ले, पुतळे आणि झगमगते दिवे माशांना नको असतात. ते पाहणाऱ्याला हवे असतात. तेथे खुशाल काटकसर करावी.

एवढी सिद्धता झाली की मुलाला वाटते, आता मासे सोडावेत. येथेच बहुतेकांची चूक होते. पाणी काचेसारखे निर्मळ दिसते, तरी दोन-चार दिवसांत मासे मलूल होऊन मरतात. असे का व्हावे? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचा विषारी पदार्थ बाहेर टाकतो. अफाट समुद्रात तो विरून जातो. पेटीत तो साठत राहतो. निसर्गाने यावर उपाय योजला आहे. दगड, वाळू यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. त्यांच्यातील काही अमोनियाचे नायट्राइट बनवतात. तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते माशांना पुष्कळ कमी अपायकारक असते. ही वस्ती एका रात्रीत होत नाही. तिला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा न सोडता माशांच्या खाद्याची चिमूट रोज पाण्यात टाकावी, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. पाणी तपासल्यावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही दिसेनासे झाले की पेटी राहण्याजोगी झाली.

मग प्रथम दोनच मासे आणावेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा काटक असतो. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करून दाखवली आहे. असे पैदास केलेले मासेच घ्यावेत. फिलिपीन्स व इंडोनेशियाच्या समुद्रांत काही ठिकाणी विष फवारून मासे पकडले जातात. त्यामुळे तेथील प्रवाळही मरतात. भारतात प्रवाळ व समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा अपराध ठरतो.

पुढची निगा सोपी आहे. मिठागरात उन्हाने पाणी उडून जाते व मीठ मागे राहते. पेटीतही तेच घडते. म्हणून पातळी उतरली की गोडे पाणीच घालावे, खारे नव्हे. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी भरावे. काढलेले पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. क्षारांनी जमीन नापीक होते.

पेटी, क्षार व पंप बाजारात मिळतात. परंतु रिकाम्या पाण्याकडे पाहत सहा आठवडे थांबण्याची तयारी कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती ज्याच्याजवळ आहे, त्याच्या घरी, मग ते सह्याद्रीच्या डोंगरात का असेना, समुद्राचा एक लहानसा तुकडा सुखाने नांदू शकतो.